किरमिजी बाजूच्या रिकाम्या खुर्च्या

"मी मरेन, पण त्या दारातून आत जाणार नाही!"

एवढं बोलून लिंडीच्या वडिलांनी चाकाच्या खुर्चीचे दोन्ही ब्रेक खटकन ओढले आणि हाताची घडी घालून बसले. वरून बर्फाळ पाऊस पडत होता... खाली येईपर्यंत पाणी, आणि टेकला की काच. लिंडीच्या पापण्यांवरही तो गोठत होता. मागे रांगेतली माणसं पाय आपटत कुरकुरत होती.

"बाबा, लिफ्ट याच बाजूला आहे. आपल्या दाराला बत्तीस पायऱ्या आहेत."

"मग चढतो."

"दुसऱ्या पायरीवर दम लागतो तुम्हाला."

"तिसरीवर बघू."

दाराच्या वर भलीमोठी नारिंगी पताका फडफडत होती. हॅडली स्टेट या विरुद्ध कॉलेजची. व्हर्जिल स्टिडम या माणसाने एकतीस वर्षं कोळशाच्या खाणीत काढली होती. छातीत खाणीची धूळ बसली होती, नाकात प्राणवायूची नळी होती, खुर्चीला सिलिंडर टांगलेला होता. पण पाइन फोर्क कॉलेजची किरमिजी टोपी डोक्यावरून उतरली नव्हती, आणि ती टोपी घालून नारिंगी पताकेखालून जायचं म्हणजे...

"काही अडचण आहे का?"

दारावर तिकिटं बघणारा माणूस पुढे आला. तिशीचा असेल. उंच, वाऱ्याने रापलेला, गळ्यात हातभर रुंद नारिंगी स्कार्फ.

"अडचण तुझ्या गळ्यात आहे," बाबा म्हणाले.

त्याने स्कार्फकडे पाहिलं, मग बाबांकडे, मग — क्षणभरच — लिंडीकडे. स्कार्फ काढून त्याने खिशात कोंबला.

"वरची पताका काही मला काढता येणार नाही, मिस्टर..."

"स्टिडम."

"मिस्टर स्टिडम. पण तुम्ही डोळे मिटलेत तर मी ढकलत नेतो. उघडाल तेव्हा लिफ्टमध्ये असाल. लिफ्ट राखाडी आहे. कुणाचीच नाही."

बाबांनी विचार केला. मग गंभीरपणे डोळे मिटून घेतले.

खुर्ची आत गेली. लिफ्टचं दार लागलं.

"उघडू?" बाबांनी विचारलं.

"थांबा... बटणं नारिंगी पेटतात."

लिंडी खुदकन हसली. किती तरी दिवसांनी हसली, आणि स्वतःच दचकली.

"उतरतानाही हीच लिफ्ट आहे," तो हळूच तिला म्हणाला. "हरलेल्यांना नेण्याची सेवा आम्ही खास देतो."

"हरलेल्यांना उचलून न्यायला तुम्हालाच माणसं लागतील."

"मी एमेट. एमेट होलूब."

"मी विचारलं नव्हतं," ती म्हणाली. पण नाव लक्षात ठेवलं.

या दोन कॉलेजांचा बास्केटबॉलचा सामना दर वर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी व्हायचा, आणि तो दोघांच्याही घरच्या मैदानावर व्हायचा नाही. पंचवीस वर्षांपूर्वी पाइन फोर्कच्या जिममध्ये मारामारी झाली, गॅलरीचा कठडा तुटला आणि अकरा माणसं खाली कोसळली. हॅडलीची एक मुलगी त्यानंतर कधी चालली नाही. तेव्हापासून सामना रॉसपॉइंटला, ओहायो नदीच्या काठी, दोघांनाही सारख्याच लांब असलेल्या सभागृहात. सहा हजार खुर्च्या. अर्ध्या आमच्या, अर्ध्या तुमच्या. मधल्या वाटेच्या एका अंगाला सगळं किरमिजी, दुसऱ्या अंगाला सगळं नारिंगी. ती वाट ओलांडून कुणी जात नसे.

पण गेल्या काही वर्षांत किरमिजी बाजू विरत चालली होती. खाणी बंद पडल्या, माणसं पोटापाण्यासाठी डोंगर उतरून गेली, कॉलेजात मुलं कमी झाली. लिंडी त्याच कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या कचेरीत कामाला होती. तिकिटं खपवणं, बस ठरवणं, फोन करून करून माणसं गोळा करणं, सगळं तिच्याच गळ्यात. "येऊ गं, जमलं तर," म्हणायचे सगळे. जमायचं नाही.

त्या शनिवारी पाइन फोर्क नऊ गुणांनी हरलं. लिफ्टमध्ये बाबा डोळे मिटूनच बसले होते; आता ते रागाने. एमेटने लिंडीचा नंबर मागितला.

"कशाला?"

"पुढच्या वर्षी लिफ्ट तयार ठेवायला."

दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चहून परतताना तिचा फोन वाजला. त्याचा निरोप होता. 'तुमच्या बाजूच्या रिकाम्या खुर्च्या मोजल्या. सहाशे चार.'

ती अशी चिडली! जिच्या वर्षभराच्या धडपडीचा तो आकडा होता, तिलाच तो ऐकवत होता हा माणूस. तिने लिहिलं, 'त्यातली एक तुमच्या डोक्यात घालायला हवी होती.'

'मग सहाशे तीनच उरल्या असत्या. तेवढीच मदत.'

आणि पाच मिनिटांनी — 'माफ करा. मला तुमच्याशी बोलायचं होतं आणि दुसरं काही सुचलं नाही.'

ती गाडीत बसून राहिली, इंजिन सुरू, काच वाफेने धुरकटलेली. बाबा शेजारी पेंगत होते. तिने तो निरोप तीनदा वाचला.

मग रविवार सुरू झाले.

रॉसपॉइंटला पुलाच्या तोंडाशी एक छोटं खाणावळवजा हॉटेल होतं. तिथे टोमॅटोचं सूप आणि ताक घालून भाजलेली गोड पाई मिळायची. तो अडीच तास गाडी चालवून यायचा, तीही अडीच तास. बाबांना ती सांगायची, ऑफिसचं काम आहे. तेवढा वेळ वर्लीनमावशी त्यांच्यापाशी बसायची.

एमेट वीज कंपनीत तारांवर चढणारा कामगार होता. वादळात जेव्हा सगळे घरात शिरतात, तेव्हा तो खांबावर चढायचा. त्याच्या बोटांना उभ्या भेगा होत्या. लिंडीचा हात हातात घेण्याआधी तो आपले तळवे कॉफीच्या कपावर चांगले शेकून घ्यायचा... आणि मग, जणू काही सहज, टेबलावर हात पसरून ठेवायचा. घ्यायचा असेल तर घे, नसेल तर राहू दे. पहिल्यांदा तिने घ्यायला तीन रविवार लावले.

"तीन," तो म्हणाला. "तुमचा संघही इतका वेळ चेंडू धरून बसत नाही."

"म्हणूनच तर हरतो. घाई करतो."

"लिंडी..."

"हं?"

"काही नाही. पाई खा."

आपल्या आईवडिलांविषयी तो फार बोलत नसे. त्याला काकांनी वाढवलं होतं, लॅडी होलूब यांनी. पोलादाच्या कारखान्यातले निवृत्त फोरमन, आणि हॅडली समर्थक मंडळाचे अध्यक्ष. एमेट मंडळाचा चिटणीस. काकांच्याच घराच्या माडीवर राहायचा.

"ते कळलं तर काय म्हणतील? पाइन फोर्कची पोरगी?"

"म्हणतील, एवढ्या मोठ्या ओहायो राज्यात एकही मिळाली नाही का तुला?" तो हसला. मग हसू ओसरलं. "त्या वेळी गॅलरीचा कठडा तुटला ना... खाली पडलेल्यांत काका होते. त्यांचा खांदा अजून वर होत नाही."

जूनमध्ये एकदा ते पुलावर उभे होते. खाली नदी तपकिरी, जड वाहत होती. तो तिच्याकडे वळला, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं की तिने पटकन त्याच्या ओठांवर हात ठेवला.

"आत्ता नको, एमेट. डॉक्टर म्हणाले, पुढचा हिवाळा त्यांना पार होणार नाही. माझ्या मनात दुसऱ्या कशाला जागाच नाहीये रे..."

त्याने तिच्या तळव्यावर ओठ टेकले आणि परत नदीकडे वळला. तिला वाटलं, याने हट्ट केला असता तर बरं झालं असतं.

ऑगस्टमध्ये कॉलेजच्या अध्यक्षांनी सगळ्यांना जेवणघरात बोलावलं. पुढच्या मे महिन्यात पाइन फोर्क कॉलेज कायमचं बंद होणार होतं. कुणी रडलं नाही. खाणी बंद झाल्या तेव्हा त्या गावाचं रडून झालं होतं.

लिंडीने घरी येऊन सांगितलं. बाबांनी टोपी कपाळावर खाली ओढली.

"म्हणजे डिसेंबरचा सामना शेवटचा."

"हो, बाबा."

"आपली बाजू भरलेली बघायचीय मला. एकदाच. पार वरच्या रांगेपर्यंत."

तिने काय नाही केलं! चार महिने ती फोनला चिकटून होती. लेक्सिंग्टनला गेलेल्यांना, कोलंबसला गेलेल्यांना, टेक्ससच्या तेलविहिरींवर गेलेल्यांना. पाच बस ठरवल्या, दोन रद्द केल्या. चर्चमध्ये उभी राहून बोलली. 'कॉलेजच राहणार नाही, तर आता सामना बघून काय करायचं पोरी?' म्हणाले लोक. नोव्हेंबर उलटत आला तेव्हा तीन हजारांपैकी आठशे तिकिटं गेली होती.

आणि दोन्ही कॉलेजांमधल्या सामन्याच्या करारात एक कलम होतं. सामन्याच्या दोन आठवडे आधी, शुक्रवारी दुपारी बारापर्यंत, एका बाजूच्या समर्थक मंडळाने सभागृहाला आणि दुसऱ्या कॉलेजला लेखी मागणी पाठवली तर त्या दुसऱ्या बाजूच्या उरलेल्या खुर्च्या त्यांना मिळायच्या. पंचवीस वर्षांत हे कलम कुणी वापरलं नव्हतं. या वर्षी हॅडलीच्या यादीत दोन हजारांवर माणसं ताटकळत होती. शेवटचा सामना, सगळ्यांनाच यायचं होतं. आणि मागणीचं पत्र पाठवणं चिटणिसाचं काम.

"पाठवू नकोस," लिंडी म्हणाली.

हॉटेलात त्या रविवारी दोघंच होती. एमेट कॉफीत चमचा फिरवत होता. साखर तो घ्यायचा नाही.

"दोन हजार माणसं आहेत, लिंडी."

"माझ्या बाबांच्या चारही बाजूंना नारिंगी? त्यांच्या शेवटच्या सामन्याला? खांद्याला खांदा लावून ओरडणार तुमची माणसं त्यांच्या कानात. एमेट, त्यापेक्षा रिकाम्या राहू देत. रिकाम्या खुर्च्या निदान आमच्या असतील."

"काका आठवडाभर नावं लिहून घेतायत. त्यांना मी काय सांगू?"

"मला माहीत नाही."

"तू मला सोपं काहीच मागत नाहीस."

"मी तुझ्याकडे आजवर काही मागितलंच नाही," ती म्हणाली.

 त्याने तिचा कोट धरला, दार उघडलं. बाहेर गाडीपाशी त्याने तिच्या गळ्यातला मफलर नीट केला.  

शुक्रवारी बारा वाजले. लिंडी कचेरीत फोनसमोर बसून होती. पत्र आलं नाही. एक वाजला, दोन वाजले. तिने त्याला फोन लावला; त्याने उचलला नाही. पुढचे दोन आठवडे त्याचा एकच निरोप आला — 'खांबांवर काम फार आहे. शनिवारी भेटू.'

शनिवारी नारिंगी दारावर तो नव्हता. दुसराच कुणी तरी होता, आणि किरमिजी टोपी बघून त्याने मान फिरवली. बाबांनी आपले आपण डोळे मिटले. लिंडीने खुर्ची ढकलली. लिफ्टमध्ये कुणी विनोद केला नाही.

वर आपल्या बाजूला आल्यावर बाबांनी डोळे उघडले.

समोरची बाजू काठोकाठ भरलेली होती. पायऱ्यांवरसुद्धा माणसं उभी होती, छताखाली नारिंगी धग पेटल्यासारखी. आणि मधल्या वाटेच्या अलीकडे... खालच्या काही रांगांत आठशे माणसं, कोट न काढता बसलेली, आणि त्यांच्या वर राखाडी खुर्च्याच खुर्च्या. मिटलेल्या. पार वरपर्यंत. कुणी खोकलं तर वरून प्रतिध्वनी यायचा.

लिंडीला वाटलं होतं, रिकाम्या खुर्च्यांना एक मान असेल. तसलं काही नव्हतं. ते नुसतं रिकामं होतं.

पाइन फोर्कची मुलं धावत मैदानावर आली. सवयीप्रमाणे आपल्या बाजूला वळली, वर बघितलं... आणि त्यांच्यातल्या एकाचा हात, हलवण्यासाठी उचललेला, तसाच अर्ध्यावर राहिला. समोरून गर्जना उठली. "कुठे गेले? कुठे गेले?" तीन हजार माणसं तालावर पाय आपटत विचारत होती. "कुठे गेले?"

 बाबांचा हात टोपीकडे गेला आणि परत मांडीवर आला.

तेवढ्यात त्या गर्जनेचा सूर बदलला. नारिंगी बाजूच्या मधल्या रांगेत एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ उभे होते, एक खांदा उतरलेला, आणि चांगल्या हाताने कुणाकडे तरी बोट दाखवत ओरडत होते. आसपासची माणसं उठली होती. एक कागदी पेला हवेतून गेला. कुणाच्या तरी तोंडावर, छातीवर थंड पेयाचा काळा फवारा उडाला.

एमेट होता तो.

तो उठला. रांगेतून बाहेर येताना कुणी पाय आडवा घातला, कुणी खांद्याने ढकललं. पायऱ्या उतरून तो खाली आला आणि मधल्या वाटेवर क्षणभर थांबला. मग त्याने ती वाट ओलांडली.

तीन हजार माणसांनी त्याची हुर्यो उडवली. आपल्याच माणसांनी. तो मान खाली घालून, ओला, गळ्यात तोच नारिंगी स्कार्फ, किरमिजी बाजूच्या पायऱ्या चढला आणि लिंडीच्या पलीकडच्या खुर्चीत बसला. केसांतून थेंब गळत होते.

"कुणीच तुला बसू देईना?" तिने विचारलं.

"मी पत्र पाठवलंच नाही, हे काकांना आजच कळलं. त्यांना वाटत होतं, सभागृहवाल्यांनी नकार दिला. मी तसं सांगितलं होतं." तो समोर बघत राहिला. "आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी खोटं बोललो."

"तू!" बाबांनी मान वळवली होती. "तू तो दारवाला ना? तू इकडे काय करतोयस?"

एमेटने ओला चेहरा बाहीने पुसला. तो बोलणार नाही, हे लिंडीला कळलं.

"मी सांगितलं होतं त्याला, बाबा," ती म्हणाली. "आपल्या उरलेल्या जागा त्याच्या लोकांना मिळणार होत्या. मी म्हटलं, नको. रिकाम्या राहू दे. तुमच्यासाठी म्हणून."

बाबांनी एक श्वास घेतला. मग दुसरा. त्यांना एक वाक्य बोलायला आता चार श्वास लागायचे.

"रिकाम्या... तू मागितल्यास?"

"हो."

"पोरी... त्या पोरांकडे बघ." मैदानावर पाइन फोर्कची मुलं खाली मान घालून चेंडू आपटत होती. "त्यांना आवाज हवा होता. कुणाचाही. शिव्या देणारा का असेना... समोर माणूस असतो ना. मी इतकी वर्षं इथे आलो... ते काय खुर्च्या बघायला?"

लिंडीच्या डोळ्यांसमोरचं सगळं पाण्यात बुडालं. तिने त्यांच्यासाठी केलं होतं, आणि त्यांना विचारलं नव्हतं. आणि ज्याने तिच्या शब्दाखातर आपली माणसं गमावली, तो शेजारी ओल्या कपड्यांत कुडकुडत होता.

"चूक माझी आहे," ती पुटपुटली. "दोघांच्याही बाबतीत..."

एमेटने हात पुढे केला. आज शेकायला कप नव्हता; हात बर्फासारखा गार होता. तिने तो दोन्ही हातांत धरला. लगेच. बाबांच्या देखत.

बाबांनी ते बघितलं. मग समोर बघत म्हणाले, "दर रविवारी जे ऑफिसचं काम असतं... ते हेच ऑफिस का?"

"हो, बाबा."

"हं." एक श्वास. "ए दारवाल्या. ओरडता येतं का तुला?"

"येतं. पण तुमच्यासाठी नाही ओरडणार, मिस्टर स्टिडम. मी हॅडलीचा आहे. इथे बसलो म्हणून बदलणार नाही."

लिंडीला वाटलं, आता बाबा त्याला हाकलणार. पण त्यांच्या सुकलेल्या चेहऱ्यावर वर्षभरात दिसलं नव्हतं असं काही तरी उजळलं.

"मग ओरड ना! बघू... किती दम आहे नारिंगी छातीत."

आणि त्या राखाडी खुर्च्यांच्या डोंगराखाली एक भिजलेला नारिंगी माणूस उभा राहून हॅडलीच्या नावाने गरजला. बाबांनी नळी नाकाशी घट्ट बसवली आणि उत्तर दिलं, फाटक्या, घरघरत्या आवाजात, पाइन फोर्क! पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या खाणकामगाराने वळून पाहिलं. "अरे, हा कोण भाडखाऊ आपल्या बाजूला?" म्हणून तोही उठला आणि एमेटवर ओरडू लागला. मग त्याच्या शेजारचे दोघे. मग रांग. आठशे माणसांना ओरडायला कुणी तरी सापडला होता. मैदानावर ज्याचा हात अर्ध्यावर राहिला होता त्या मुलाने वर बघितलं.

पाइन फोर्क अठ्ठावीस गुणांनी हरलं. बाबांचे ओठ निळे पडले होते, लिंडी घाबरून सिलिंडरचा काटा बघत होती, आणि ते हसत होते.

"पुढच्या रविवारी," लिफ्टमध्ये ते म्हणाले, "त्या हॉटेलात नको. घरी जेवायला आण याला."

तो आला. पुढच्याही रविवारी आला. काकांच्या माडीवरून त्याने सामान हलवलं होतं. वीज कंपनीच्या गोदामामागे एका भाड्याच्या खोलीत राहत होता. काकांना तो दर बुधवारी फोन करायचा. ते उचलायचे नाहीत. लिंडीने एकदा त्यांना पत्र लिहिलं, चूक माझी होती म्हणून. ते न फोडता परत आलं.

"तुला पश्चात्ताप होतो?" तिने एकदा भांडी घासताना विचारलं.

तो ताट पुसत राहिला. "होतो," म्हणाला. "काकांचा होतो. तुझा नाही. दोन्ही एकाच छातीत राहतात. भांडत नाहीत."

ती ओल्या हातांनीच त्याच्या छातीला बिलगली. "माझं प्रेम आहे तुझ्यावर. आधी सांगायला हवं होतं मी. पुलावरच."

"मला माहीत होतं."

"तरी सांगायला हवं होतं."

"मग आता परत सांग," तो म्हणाला. आतल्या खोलीतून बाबांचा खोकला आला, आणि ती सांगता सांगता धावली.

फेब्रुवारीच्या एकवीस तारखेला, दुपारी, बाबा गेले. शेवटचे दोन दिवस त्यांना बोलता येत नव्हतं.

दफनाला किती माणसं येतील याचा लिंडीने अंदाज केला नव्हता. ते अंदाज तिने आता सोडून दिले होते. चर्चमध्ये तीस-बत्तीस होती. बाकीचं गाव डोंगर उतरून कधीच गेलं होतं. दफनभूमी वर टेकडीवर, रात्रीच्या पावसाने वाट चिखलाची. गाडी वर चढणार नव्हती. शवपेटी खांद्यावर न्यायची होती. पाद्रीबाबांनी माणसं उभी केली. बाबांच्या बरोबरीचे तीन खाणकामगार, त्यातल्या दोघांच्या छातीत तीच धूळ. चर्चची घंटा वाजवणारा. किराणा दुकानाचा मालक.

"पाच झाले," पाद्रीबाबा म्हणाले. "सहावा हवा."

कुणी कुणाकडे बघितलं नाही. शेवटच्या बाकापाशी, दाराला टेकून, काळ्या कोटात एमेट उभा होता. बोलावल्याशिवाय तो पुढे येणार नव्हता. लिंडीने त्याच्याकडे बघितलं तशी वर्लीनमावशीने तिचा दंड धरला.

"तो नको," मावशी कुजबुजली. "हॅडलीचा आहे तो. उद्या लोक काय म्हणतील, व्हर्जिलला खांदा द्यायला आपलं माणूस नव्हतं?"

"आपलंच आहे, मावशी." लिंडी कुजबुजली नाही. सगळ्या चर्चला ऐकू गेलं. "हॅडलीचा आहे, आणि माझा आहे. माझं लग्न होईल ते याच्याशीच. एमेट, ये."

तो आला. डाव्या अंगाला, मागे, जिथे भार जास्त येतो तिथे उभा राहिला. पेटी उचलली गेली. बाबा हलके झाले होते. तरी वाट निसरडी होती, आणि पुढच्या म्हाताऱ्याला अर्ध्या टेकडीवर दम लागला तेव्हा सगळे थांबले. एमेटने खांदा थोडा आणखी आत सरकवला, त्याच्या वाटचं ओझंही घेतलं, आणि म्हणाला, "सावकाश, मिस्टर फुगेट. घाई नाही कुणाला."

लिंडी मागून चालत होती. समोर त्याची पाठ दिसत होती, मानेवर ताणलेली शीर दिसत होती. तिला रडू येत होतं आणि त्याच वेळी पावलं नीट पडत होती.

परत खाली आले तेव्हा एमेटचे बूट घोट्याच्या वरपर्यंत चिखलाने माखले होते. चर्चच्या तळघरातल्या जेवणघरात घेवड्याचं सूप आणि मक्याचा पाव मांडला होता. तो दारापाशीच घुटमळला. वर्लीनमावशीने हातातली पळी थांबवून त्याच्या बुटांकडे पाहिलं.

मग लिंडीकडे वळून म्हणाली, "त्याला सांग, बूट बाहेर काढ म्हणावं. आणि ये म्हणावं लवकर, सूप निवतंय."